नवा सब घेण्याआधी पोर्ट बुजवून पाहा

प्रश्न थोडक्यात असा. गाडी बलेनो, कंपनीचाच टचस्क्रीन. डिकीत १२ इंची सबवूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर, पुढे नुसतं ‘सब’), ३०० वॉट आरएमएस (सतत पेलेल अशी ताकद), दोन व्हॉइस कॉइल (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या), प्रत्येकी ४ ओहम. मोनो अँप (एकच आउटपुट असलेला ॲम्प्लिफायर) २ ओहमला ४०० वॉट देणारा. बॉक्स बाजारातून तयार घेतलेला, पोर्टवाला, म्हणजे आतली हवा बाहेर यायला नळी असलेला. तक्रार अशी की कुठलंही गाणं लावलं तरी एकाच सुरात घुमतं, ढोलाची थाप सुटी येत नाही, आवाज वाढवला की पोर्टमधून फसफस येते, आणि अगदी खालच्या स्वरांना कोन (सबचा पुढचा पडदा) भलताच आत-बाहेर होतो पण ऐकू फारसं काही येत नाही. सब बदलून १५ इंची घ्यावा का, असं विचारलंय. सोबत सबच्या कागदावरचे आकडे आणि बॉक्सची मापं दिलीत, हे फार बरं केलं. त्यावाचून कुणीही दिलेलं उत्तर हा निव्वळ अंदाज असतो.

१५ इंची घेऊ नका. तुमचा सब ठीक आहे, पण बॉक्स त्याचा नाही. स्पीकर उघडा असताना त्याचा स्वभाव एक असतो आणि ठरावीक लिटरच्या हवेत कोंडला की वेगळा होतो. कागदावरचे आकडे हा बदल आधीच सांगतात. हे गणित ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या थील आणि स्मॉल या दोघांनी १९६०-७० च्या दशकांत मांडलं, आणि आजही प्रत्येक प्रामाणिक कंपनी तेच आकडे छापते.

तुमचे आकडे असे: एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५०, क्यूईएस ०.५५, व्हीएएस ६० लिटर. एफएस म्हणजे सब मोकळा असताना ज्या कंपनसंख्येला तो आपसूक डोलतो ती. क्यूटीएस म्हणजे त्या डोलण्याला चुंबक आणि सस्पेन्शन मिळून किती लगाम घालतात ते. आकडा लहान तितका लगाम घट्ट. क्यूईएस म्हणजे त्यातला फक्त चुंबक-कॉइलचा लगाम. व्हीएएस म्हणजे सस्पेन्शनच्या ताणाइतकाच ताण देणारी हवा किती लिटर, ते. एफएसला क्यूईएसने भागलं की येतं साधारण ५५. हा आकडा ५० च्या आसपास किंवा खाली असेल तर सब बंद बॉक्सकडे झुकतो, १०० च्या वर असेल तर पोर्टकडे, आणि मधल्यांना दोन्ही चालतं. हा काही कायदा नाही, पण तुमचा सब कुठल्या बाजूचा हे त्यातून स्पष्ट दिसतं.

आता बॉक्सकडे या. बाहेरून ४५ × ३४ × २९ सेंटिमीटर, म्हणजे ४४ लिटर, आणि दुकानदाराने ४५ लिटरचा म्हणून विकला. पण बोर्ड १५ मिलिमीटरचा आहे, म्हणजे आतली मापं ४२ × ३१ × २६ आणि आकारमान जेमतेम ३४ लिटर. त्यातले सुमारे ३ लिटर सबच्या चुंबक-बास्केटने खाल्ले, लिटरभर पोर्टच्या नळीने. उरली ३० लिटर हवा. बॉक्सच्या खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कागदावर जे लिटर लागतात ते हे उरलेले लिटर, बाहेरच्या टेपने मोजलेले नव्हेत. घनफुटात सांगणारा दुकानदार भेटला तर १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर, एवढं लक्षात ठेवा.

पोर्ट आतून साडेसात सेंटिमीटर व्यासाचा आणि १५ सेंटिमीटर लांब. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एकच ठरलेला सूर निघतो, पोर्टवाल्या बॉक्सचं तत्त्व तेच. तुमच्या बॉक्सचा तो सूर काढू. व्यासाचा वर्ग गुणिले २३५६२, भागिले लिटर, भागिले नळीची हिशेबी लांबी, आणि आलेल्याचं वर्गमूळ. हिशेबी लांबी म्हणजे प्रत्यक्ष लांबी अधिक व्यासाच्या ०.७३ पट, कारण नळीच्या टोकांशी असलेली थोडी हवाही नळीतल्या हवेबरोबर हलते. इथे ती साडेवीस सेंटिमीटर. उत्तर येतं ४६ हर्ट्झ.

तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ या एका आकड्यात आहे. ४६ च्या आसपास पोर्ट जोरात बोलतो, म्हणून प्रत्येक गाण्यात तोच सूर पुढे येतो. त्यात बहुतेक अँपवरचं बेस बूस्टचं बटण ४५ हर्ट्झलाच उचल देतं. ते तुम्ही चढवलं असेल तर दुखणं दुप्पट. ४६ च्या खाली गेलं की पोर्टमधली हवा कोनाच्या उलट्या दिशेने चालू लागते, बॉक्सचा कोनावरचा ताबा सुटतो, कोन मोकळाच हलतो आणि आवाज सप्तकामागे (म्हणजे कंपनसंख्या निम्मी झाली की) २४ डेसिबल या वेगाने पडतो. ३५ हर्ट्झची बेसलाइन आली की कोन जीव तोडून हलताना दिसतो पण ऐकू येत नाही, ते यामुळे. कॉइल आणि सस्पेन्शन याच अवस्थेत खराब होतात. फसफसण्याचं कारण साधं आहे. साडेसात सेंटिमीटरच्या नळीचं तोंड ४४ चौरस सेंटिमीटर असतं, आणि एवढ्या बॉक्सला ढोबळ हिशेबाने ८० ते ११० तरी हवं.

मग मोठा पोर्ट का बसवत नाहीत? कारण तोंड दुप्पट केलं की त्याच सुरासाठी हिशेबी लांबीही दुप्पट करावी लागते, आणि ३० लिटरच्या खोक्यात ती मावत नाही. तयार बॉक्सवाला लहान तोंडाची आखूड नळी ठोकून देतो, आणि दुकानात उभ्या गाडीत एकच गाणं वाजवून दाखवलं तर दणका मोठा वाटतो. तसाच विकला जातो.

या सबला बंद बॉक्समध्ये काय होईल ते पाहू. सूत्र छोटं आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागायचं, त्यात १ मिळवायचा, वर्गमूळ घ्यायचं आणि क्यूटीएसने गुणायचं. येतो तो क्यूटीसी, म्हणजे बॉक्समध्ये बसल्यावरचा लगाम. त्याच वर्गमुळाने एफएसला गुणलं की बॉक्समधली नवी कंपनसंख्या मिळते. ६० लिटरमध्ये क्यूटीसी ०.७१ आणि ४२ हर्ट्झ. पुस्तकी आदर्श तो हाच. ३० लिटरमध्ये ०.८७ आणि ५२ हर्ट्झ. २० लिटरमध्ये बरोबर १ आणि ६० हर्ट्झ. क्यूटीसी १ च्या वर गेला की बंद बॉक्सही गुबगुबीत वाजू लागतो. ०.७ ते ०.९ मध्ये गाडीसाठी कुठेही थांबलं तरी चालतं.

आता गंमत बघा. ३० हर्ट्झला, म्हणजे अगदी तळाशी, ६० लिटरचा बॉक्स ७ डेसिबल खाली असतो, ३० लिटरचा ९ आणि २० लिटरचा ११. म्हणजे डिकीतली ३० लिटर जागा जादा देऊन हाती येतात फक्त २ डेसिबल. घराच्या हॉलमध्ये या २ डेसिबलसाठी कुणी भांडेल, गाडीत भांडू नये, कारण गाडी स्वतःच खालचे स्वर उचलते. ध्वनीची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली की आतली हवा एकसंध दाबली जाते. अडीच मीटर लांबीच्या केबिनला ही सीमा ६९ हर्ट्झच्या आसपास येते. त्याखाली कागदावर सप्तकामागे १२ डेसिबलपर्यंत उचल मिळते. पत्रा, काचा आणि दारांची रबरं थोडी हलतात, दाब गळतो, म्हणून प्रत्यक्षात बरीच कमी मिळते. पण बंद बॉक्सचा उतारही सप्तकामागे १२ डेसिबलचाच असतो, त्यामुळे उतार आणि चढ एकमेकांना बरेचसे खातात. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन एकच असल्यामुळे हा फायदा पुरता मिळतो. सेडानमध्ये मध्ये सीट आणि पत्रा येतो, तिथे गणित बदलतं आणि पोर्टवाल्या बॉक्सची बाजू थोडी मजबूत होते.

तेव्हा पहिला प्रयोग फुकटचा. पोर्टच्या तोंडावर बसेल अशी १२ मिलिमीटर प्लायची चकती कापा, मागे दारा-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी चिकटवा आणि चार स्क्रूंनी घट्ट बसवा. चिंधी कोंबून काम भागत नाही, हवा निसटते. झाला तुमचा ३० लिटरचा बंद बॉक्स. बेस बूस्ट शून्यावर, लो पास (ठरावीक कंपनसंख्येच्या वरचे स्वर सबकडे न जाऊ देणारी चाळणी) ८० हर्ट्झवर, आणि नेहमीची गाणी लावून ऐका. एकूण दणका आधीपेक्षा कमी वाटेल. तो कमीपणा मुख्यतः त्या ४६ हर्ट्झच्या फुगवट्याचा आहे. कान दोन-तीन दिवसांत सरावतो, मग ढोलकी आणि बेस गिटार वेगवेगळे ऐकू यायला लागतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची असते. तुमच्या आत्ताच्या बॉक्समध्ये ती उताराच्या पलीकडे पडते.

हे पसंत पडलं तर नवा बॉक्स करायचा की नाही, हे फक्त लाकडावर ठरवा. ३० ऐवजी ३५ लिटर केल्याने ३० हर्ट्झला अर्धा-पाऊण डेसिबल मिळेल, तेवढ्यासाठी खर्च करू नये. पण तयार बॉक्स बहुतेक वेळा भुशाच्या बोर्डाचे असतात, कोपरे स्टेपलवर उभे असतात, आणि बंद बॉक्समध्ये आतला दाब पोर्टवाल्यापेक्षा जास्त छळतो. तपासायला सबला २५-३० हर्ट्झचा टोन हळू आवाजात द्या आणि सांध्यांवरून, टर्मिनलच्या (वायर जोडायच्या) वाटीभोवती, सबच्या कडेने पेटती अगरबत्ती फिरवा. धूर जिथे दचकतो तिथे गळती. टर्मिनलची वाटी सगळ्यात आधी बघा, बरेच बॉक्स तिथेच गळतात.

नवा करायचाच असेल तर सुताराला मापं अशी द्या: १८ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला घट्ट बोर्ड), बाहेरून ५० × ३६ × ३० सेंटिमीटर. आतून होतात ३९.७ लिटर, सब आणि आडवी टेकणी वजा जाता ३५ उरतात. क्यूटीसी ०.८२. आठ बाय चारच्या शीटचा तिसरा हिस्साही लागत नाही आणि रिकाम्या बॉक्सचं वजन बारा किलोच्या आसपास भरतं. एमडीएफच्या कडेत स्क्रू मारण्याआधी बारीक ड्रिल अवश्य करा, नाहीतर थर फाटतो. पांढरा गोंद भरपूर, स्क्रू दर १० ते १२ सेंटिमीटरवर. आतून सगळ्या सांध्यांना सिलिकॉन फिरवा, पण सब लगेच बसवू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्लाची वाफ सोडतं, ती कोनाच्या कडेच्या फोमला आणि गोंदाला चांगली नाही. पूर्ण एक दिवस उघडं ठेवा. भोकाचा व्यास नावावरून ठरवू नका. ‘१२ इंची’ सबचं भोक २८ सेंटिमीटरच्या अलीकडे-पलीकडे असतं आणि प्रत्येक मॉडेलचं वेगळं. सबच्या मागे चुंबकाला भोक असेल तर मागच्या भिंतीपर्यंत ४-५ सेंटिमीटर मोकळे हवेत.

कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर एमडीएफच्या बाहेरच्या बाजूला आणि विशेषतः तळाला सीलर मारल्याशिवाय कार्पेट चिकटवू नका. पावसाळ्यात ओल्या छत्र्या डिकीतच पडतात आणि एमडीएफ एकदा फुगला की परत बसत नाही. चांगला वॉटरप्रूफ प्लाय चालतो, हलकाही पडतो, पण आत पोकळ्या असलेला स्वस्त प्लाय भुशाच्या बोर्डापेक्षा वाईट; तो स्वतःच वाजतो. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर ४०० ग्रॅमच्या आसपास पिंजून सैल भरा. सबला बॉक्स दहाएक टक्के मोठा वाटतो. दाबून भरलात तर उलट परिणाम होतो.

कुणाला पोर्टच हवा असेल, निव्वळ इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत असाल आणि डिकीचा दुसरा उपयोग नसेल, तर या सबला निव्वळ ५५ लिटर आणि ३३ हर्ट्झचा सूर ठेवा. त्याला आतून १० सेंटिमीटर व्यासाची नळी ३२ सेंटिमीटर लांब लागते. प्लंबिंगच्या दुकानातला ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइप बाहेरून ११० असतो. आतून १०४ निघाला तर लांबी ३५ होते, म्हणून आधी आतून मोजा. नळीचं आतलं टोक भिंतीपासून किमान एक व्यास लांब हवं. नळी, सब, टेकणी धरून बॉक्स बाहेरून ६० × ४० × ३५ सेंटिमीटर होतो, म्हणजे ८४ लिटर. बलेनोची डिकी ३१८ लिटरची आहे. चौथ्या हिश्शाहून जास्त गेली. आणि अशा बॉक्सला अँपवरचा सबसॉनिक फिल्टर (अगदी तळाचे स्वर अडवणारी चाळणी) २६-२७ हर्ट्झला चालू असलाच पाहिजे. ज्या अँपमध्ये तो नाही, त्याच्यावर पोर्टवाला बॉक्स चालवू नये, हे माझं ठाम मत.

वायरिंगबद्दल थोडक्यात. दोन्ही कॉइल समांतर जोडा, २ ओहम होतात, तुमच्या अँपला तेच हवं. एकामागून एक जोडल्या तर ८ ओहम होतात आणि ताकद जवळपास चौथाई मिळते. अनेक गाड्यांत सब ‘मरगळलेला’ असतो त्याचं कारण एवढंच असतं. अँपला जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा, २ ओहमच्या जोडणीला दीड ते पावणेदोन दिसायला हवेत. बॅटरीपासून शुद्ध तांब्याची १० चौरस मिलिमीटर वायर, आणि बॅटरीपासून हातभराच्या आत ५० अँपिअरचा फ्यूज. बाजारातल्या बऱ्याच किटमधली वायर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. एखादी तार चाकूने खरवडा, आतून पांढरी निघाली तर एक साइझ मोठी घ्या.

गेन (टचस्क्रीनकडून आलेला सिग्नल अँपने किती वाढवायचा ते ठरवणारी कळ) म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. सबची वायर काढून ठेवा, बूस्ट शून्य, टचस्क्रीनचा आवाज तीन चतुर्थांश, ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा आणि अँपच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. २ ओहमला ३०० वॉट म्हणजे साडेचोवीस व्होल्ट. गेन हळूहळू चढवत तिथे थांबा. तुमचा अँप ४०० चा आहे, म्हणजे तो आवाज न फाटता एवढं देऊ शकतो, आणि ही जोडी चांगली आहे. कॉइल जळायला मोठाच अँप लागतो असं नाही, लहान अँप आवाज फाटेपर्यंत पिळला तरी ती जळू शकते.

पुढेमागे नवा सब घ्याल तेव्हा क्रम उलटा धरा. आधी डिकीतले किती लिटर सोडायला तयार आहात ते ठरवा, मग बंद की पोर्ट, मग त्यात बसणारे क्यूटीएस-व्हीएएस, मग इंच, आणि वॉट सगळ्यात शेवटी. ‘१४०० वॉट मॅक्स’ या छापाकडे बघूच नका, फक्त आरएमएस वाचा. चांगला १० इंची, ३४० चौरस सेंटिमीटर कोन आणि १२ मिलिमीटर चाल (कोन किती सरकू शकतो ते) असलेला, हा ४९० चौरस सेंटिमीटर आणि १० मिलिमीटर चालीच्या १२ इंचीपेक्षा हवा ढकलण्यात दीड डेसिबलच कमी पडतो, आणि साधारणपणे त्याहून लहान बॉक्समध्ये राहतो. मिरवणुकीच्या डीजेतला ८ ओहमचा वूफर स्वस्तात मिळाला म्हणून गाडीत बसवू नका. त्याचा एफएस बहुधा गाडीच्या सबपेक्षा वर आणि चाल कमी असते. तो मैदानावर दूर आवाज फेकण्यासाठी घडवलेला असतो, तळाचे स्वर त्याच्यात नसतात. ज्या सबच्या कागदावर थील-स्मॉल आकडे नाहीत आणि कंपनी निदान बॉक्सचे लिटरही सांगत नाही, तो सोडून द्या.

डिकीत सीएनजीचं सिलिंडर असेल तर वरचं बहुतेक गणित बाद होतं. तिथे सीटखाली मावणारा ८ इंची, अँप आतच असलेला सब घ्या, आणि सिलिंडरच्या पट्ट्या, व्हॉल्व्ह किंवा नळीजवळ कुठेही स्क्रू मारू देऊ नका.

पोर्ट बुजवूनही ५० ते ७० च्या दरम्यान एखादा सूर कर्कश खडखडला तर तो सबचा नसून पत्र्याचा असतो. आधी मागच्या नंबरप्लेटमागे फोमची पट्टी लावा, मग पार्सल ट्रेचे दोन्ही अडकवण तपासा. आणि बॉक्स डिकीच्या तळाला एल-ब्रॅकेटने बांधा. करकचून ब्रेक मारल्यावर अठरा-वीस किलोचं खोकं जागचं हलता कामा नये.